काळयानाच्या हरवलेल्या फिती

शिवकाल शिकवायला घेतला की वर्गातले एखादे चौकस पोर हमखास विचारी, "गुरुजी, महाराजांच्या पदरी इतके चिटणीस होते, इतके कारकून होते, मग त्यांनी लिहिलेले कागद गेले कुठे?" रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती पडला आणि त्याबरोबर तिथले दप्तरही गेले, असे मी सांगे. मग दुसरा प्रश्न ठरलेलाच असे, "मग हे सारे आपल्याला कळले कसे?" ह्या प्रश्नाची मी वाटच पाहत असे. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनी मालकांना धाडलेली पत्रे लंडनला राहिली. पोर्तुगिजांची गोव्यात राहिली. डचांची हॉलंडात राहिली. आग्र्याच्या भेटीत काय काय घडले ते जयपूरकरांच्या माणसांनी आपल्या घरी कळवले होते, ती पत्रे जयपूरच्या दप्तरात निघाली. घरचे गेले आणि परक्यांकडचे राहिले!

आज जी हकीकत सांगणार आहे तीही एका दप्तराचीच. मात्र हे दप्तर कागदांचे नव्हे, चित्रफितींचे आहे. ते शत्रूने जाळलेले नाही, घरच्यांनीच पुसून टाकले आहे. आणि त्याचा जो भाग आज शिल्लक आहे त्यातला पुष्कळसा हाँगकाँग, न्यूझीलंड, नायजेरिया अशा दूरदूरच्या मुलखांतून गोळा झालेला आहे. 'डॉक्टर हू' ह्या नावाची ही इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिका. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर तिचा पहिला भाग लागला आणि मध्ये सोळा वर्षांचा मोठा खंड पडूनही ती एकविसाव्या शतकात चालू राहिली.

नेकनूरसारख्या गावी राहणाऱ्या माणसाला हा नाद लागला कसा, असे कुणीही विचारील. आमचे गाव मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वारकरी मंडळी ते बंकटस्वामींचे म्हणून ओळखतात, बाकीची बाजारामुळे. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आगगाडी यायला २०२५ साल उजाडावे लागले, ह्यावरून बाकीच्या गोष्टींची कल्पना यावी. १९६३ साली साऱ्या हिंदुस्थानात दूरचित्रवाणीचे केंद्र एकच, ते दिल्लीला. मुंबईला केंद्र निघाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा इंग्लंडातली मुले शनिवारी संध्याकाळी ज्या डॉक्टरच्या भीतीने सोफ्यामागे दडत होती त्याचे नावही आमच्या कानी येण्याचे कारण नव्हते.

मला तो भेटला पुस्तकातून, आणि तेही हैदराबादेस. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. सोयरीक, शिक्षण, कोर्टकचेरी, साऱ्यांसाठी जुन्या पिढीला हैदराबादच जवळचे. माझे मामा तिथेच स्थायिक झालेले. आबिड्सला रविवारी दुकाने बंद असतात आणि त्यांच्या पायरीशी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. १९८१ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका ढिगात मला एक लहानसे इंग्रजी पुस्तक दिसले. त्याच्या नावात क्रुसेडचा उल्लेख होता म्हणून मी उचलले; इतिहासाच्या मास्तराला तेवढे पुरे. लेखक डेव्हिड व्हिटेकर. चाळून पाहतो तो तिसऱ्या धर्मयुद्धात, साक्षात सलाउद्दीन आणि सिंहहृदयी रिचर्ड ह्यांच्या मधोमध, विसाव्या शतकातली दोन माणसे उभी! त्यातली एक बाई, आणि ती लंडनच्या शाळेत इतिहास शिकवणारी. मी पुस्तक घेतले हे सांगायला नकोच.

ज्यांना ह्या मालिकेची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी चार शब्द. डॉक्टर हा परग्रहावरचा एक भटक्या गृहस्थ. त्याचे खरे नाव कुणाला ठाऊक नाही. त्याच्यापाशी काळातून फिरणारे यान आहे. बाहेरून ते लंडनच्या रस्त्यावर पूर्वी असे तसले पोलिसांचे निळे खोके दिसते, आत मात्र महालाएवढे ऐसपैस आहे. आमच्याकडच्या श्रोत्यांना ही कल्पना पचायला जड जाऊ नये. रैवत राजा रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे वर विचारायला गेला, थोडा वेळ गाणे ऐकत थांबला, आणि तेवढ्यात खाली पृथ्वीवर युगे लोटली, ही कथा आमच्या बायाबापड्यांनी कीर्तनात कितीदा तरी ऐकलेली असते.

मालिका काढणाऱ्यांचा मूळ हेतू मुलांना करमणुकीतून शहाणे करण्याचा होता. म्हणून डॉक्टरच्या पहिल्या सोबत्यांत दोन शिक्षक घातले: विज्ञानाचे मास्तर इयन आणि इतिहासाच्या बाई बार्बरा. कधी गोष्ट भविष्यात जाई, कधी भूतकाळात. भविष्यातल्या गोष्टीत 'डालेक' नावाचे धातूच्या रांजणासारखे राक्षस आले, मुलांना त्यांचे वेड लागले, आणि इतिहास हळूहळू मागे पडला. १९६७ च्या आरंभी तर निव्वळ ऐतिहासिक गोष्टी जवळजवळ बंदच झाल्या. विज्ञानाच्या तासाला वर्ग भरलेला आणि इतिहासाच्या तासाला पोरे खिडकीबाहेर पाहताहेत, हा अनुभव तिकडेही आहे, हे वाचून मला थोडे समाधानच वाटले.

पहिल्याच गोष्टीचा दिग्दर्शक आपल्याकडचा होता. वारिस हुसेन ह्यांचा जन्म १९३८ सालचा, लखनौचा. फाळणीच्या आगेमागे त्यांचे कुटुंब इंग्लंडास गेले. आई अतिया हुसेन लेखिका. अवधच्या तालुकेदारी घराण्यावरची त्यांची 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी १९६१ साली आली. बीबीसीच्या पौर्वात्य विभागात त्यांचा आवाजही ऐकू येत असे. देश दुभंगला तेव्हा त्या परतल्या नाहीत, तिकडेच राहिल्या. मुलगा केंब्रिजला शिकून बीबीसीत शिरला. त्याच्या हाती ही मालिका आली तेव्हा त्याने पंचविशीही गाठलेली नव्हती. निर्मातीही तशीच तरुण: व्हेरिटी लॅम्बर्ट, वय सत्तावीस. बीबीसीच्या त्या काळच्या नाट्यविभागात एक बाई आणि एक हिंदी तरुण! त्यांना जागा मिळाली ती लाइम ग्रोव्हमधला एक जुनाट, अडचणीचा स्टुडिओ. पहिला भाग एकदा सप्टेंबरात काढला, तो वरच्यांना पसंत पडला नाही, म्हणून ऑक्टोबरात पुन्हा सबंध काढला. आणि तो लागला त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींचा खून झाला होता. लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते. बीबीसीने तो भाग पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पुन्हा दाखवला.

आता मुख्य कथेकडे येतो.

त्या काळी हे भाग चित्रफितीवर घेत. चित्रफीत ही आपली शाळेची पाटी समजा. पुसली की पुन्हा कोरी. दोन इंच रुंदीची ती फीत फार महाग होती, आणि नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे एखादा भाग वाटेल तितक्यांदा दाखवता येत नसे. घरोघरी कॅसेट लावून पाहण्याची सोय होणार आहे असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. कारकुनाच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: दाखवून झाले, आता पाटी पुसा. १९६७ पासून पुढची काही वर्षे पाट्या पुसल्या गेल्या.

पण परदेशी विकण्यासाठी बीबीसी एक वहीही ठेवीत असे. सपाट पडद्यावर भाग चालवून समोर कॅमेरा लावायचा आणि सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर त्याचे चित्र उतरवून घ्यायचे. ही रिळे मग बोटीने, विमानाने देशोदेशी जात. न्यूझीलंडने १९६४ सालीच ही मालिका दाखवली, ऑस्ट्रेलियाने १९६५ च्या जानेवारीत. सिंगापूर, हाँगकाँग, नायजेरिया असे करीत ती फिरली. प्रत्येक देशाला नवे रीळ मिळे असेही नव्हे. एका देशाने पाहून झाले की त्याने पुढच्या देशाला पाठवायचे, नाहीतर परत करायचे, नाहीतर नष्ट करून तसे कळवायचे. आमच्या लहानपणी एकच पुस्तक साऱ्या आळीत फिरे, तशातला प्रकार. पुढे लंडनमधल्या विक्रीखात्यानेही आपल्याकडच्या रिळांची विल्हेवाट लावायला सुरुवात केली. १९७८ साली ते थांबले. तेव्हा मोजदाद केली तो पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी शंभराहून अधिक भाग घरात नव्हते.

बीबीसीला नावे ठेवण्याचा मोह होतो खरा. पण आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. माहेरच्या, सासरच्या, पंढरीच्या वाटेच्या. १९८३ साली मामांनी हैदराबादेहून टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर तिच्या ओव्या दोन्ही बाजूंनी भरून घेतल्या. आई १९८८ साली गेली. नंतर घरात एक लग्न निघाले, कोरी कॅसेट मिळेना, आणि कुणीतरी कपाटातली ती कॅसेट घेऊन तिच्यावर सनईचौघडा भरला. कुणी भरला हे आजवर कुणी कबूल केलेले नाही, आणि आता विचारण्यातही अर्थ नाही. पण माझा एक आतेभाऊ मस्कतला नोकरीला होता. त्याने जाताना तिची नक्कल करून नेली होती, त्यातही घाईत एकच बाजू. त्या वाळवंटातून ती बाजू परत आली म्हणून आज आईच्या थोड्या ओव्या आमच्यापाशी आहेत. बाकीच्या माझ्या बहिणीला आठवतात तेवढ्याच.

तेव्हा हरवलेल्या भागांच्या शोधाची बातमी मी कुठेही वाचली की मला ती परक्याची वाटत नाही. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगहून एका सबंध कथेची चारही रिळे निघाली. इजिप्तच्या थडग्यासारखी एक बर्फाळ कबर आणि तीतून उठणारे लोखंडी मानव, अशी ती गोष्ट. १९९९ साली न्यूझीलंडात एका संग्राहकाकडे एक रीळ सापडले, आणि ते निघाले माझ्या क्रुसेडच्या गोष्टीचा पहिला भाग! ह्या गोष्टीचा तिसरा भाग लंडनला होताच. दुसरा आणि चौथा मात्र गेलेलेच होते. रिचर्ड आपली बहीण जोआना हिचे लग्न सलाउद्दीनच्या भावाशी लावून युद्ध मिटवू पाहतो, हा इतिहासात खरोखर चर्चिला गेलेला प्रस्ताव त्यात आहे. आबिड्सच्या पायरीवर पाचदहा रुपयांत मिळालेल्या पुस्तकामुळे नेकनूरच्या मास्तराला ती सबंध गोष्ट १९८१ पासून ठाऊक होती. इंग्लंडातल्या पोरांना त्या वेळी तिचा एकच भाग पाहायला मिळण्याजोगा होता.

ऑस्ट्रेलियाचा मासला तर ह्याहून गमतीदार. तिथल्या सेन्सॉरला काही दृश्ये मुलांना फार भीतिदायक वाटली, म्हणून त्याने ती कापली आणि नियमाप्रमाणे कापलेले तुकडे सरकारी दप्तरात जपून ठेवले. १९९६ साली हे तुकडे हाती आले. मूळ भाग गेले, आणि पाहू नयेत म्हणून कापलेले तेवढेच क्षण उरले. कित्येक भागांतले आज हलते दिसते ते फक्त हेच: कुणी तरी गळा दाबतो आहे, कुणी तरी किंचाळते आहे!

सर्वांत मोठे घबाड नायजेरियात मिळाले. फिलिप मॉरिस नावाच्या एका शोधकाला तिथल्या जॉस गावच्या प्रक्षेपण केंद्रात रिळांचा ढीग आढळला. त्यात 'डॉक्टर हू'चे अकरा भाग होते, पैकी नऊ हरवलेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये, मालिकेला पन्नास वर्षे पुरी होण्याच्या तोंडावर, ही बातमी जाहीर झाली. त्यानंतरही ९७ भाग बेपत्ताच होते.

ह्या बेपत्त्यांची यादी मी मास्तराच्या नजरेने पाहिली आणि मन खट्टू झाले. ट्रॉयच्या युद्धाची कथा सबंध गेली. पॅरिसमधल्या १५७२ च्या ह्युगेनॉट हत्याकांडाची कथा सबंध गेली. स्कॉटलंडच्या कलोडनच्या लढाईनंतरची कथाही सबंध गेली. डालेकांचे राक्षस पुष्कळसे वाचले, इतिहासाच्या बाईंचे धडे मात्र धुऊन निघाले. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल थकला तेव्हा त्याच देहातून दुसरा नट बाहेर काढण्याची युक्ती १९६६ साली केली गेली. परकायाप्रवेश उलटा करावा तसा हा चमत्कार. आत्मा तोच, काया नवी. ह्या एका युक्तीवर मालिका पुढे सहा दशके जगली. पण तो भागही हरवलेलाच. कायापालटाचे तेवढे दृश्य शिल्लक आहे, ते १९७३ साली मुलांच्या दुसऱ्याच एका कार्यक्रमात दाखवले गेले म्हणून.

मराठी वाचकांना ह्याच जातीचे आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. आपले जयंत नारळीकर केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली शिकले, ते फ्रेड हॉइल ह्यांनी जॉन एलियटबरोबर बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानमालिका १९६१ साली लिहिली. तिचे सात भाग होते. पुरा सापडतो तो एक सहावा. नारळीकरांच्या गुरूंचे एवढे काम गेले, आणि शिष्याच्या मराठी विज्ञानकथा मात्र आमच्या गावच्या वाचनालयात दोऱ्याने शिवून शिवून टिकल्या आहेत.

२००५ साली मालिका पुन्हा सुरू झाली आणि यथावकाश आमच्याही घरच्या पडद्यावर आली. नव्या भागांबद्दल मी फारसे लिहीत नाही. ते पाहणारे घरोघर आहेत, आणि माझा नातू मला त्यातले पुष्कळ शिकवतो. एका भागाचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा विनय पटेल ह्यांनी लिहिलेला भाग लागला. एका मुसलमान मुलीचे आणि हिंदू मुलाचे लग्न, आणि नेमके १७ ऑगस्ट १९४७ रोजी, रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली त्या दिवशी, त्यांच्या शेतातून गेलेली सीमा. पंजाब म्हणून दाखवलेला मुलूख स्पेनमधला आहे, ते जाणत्या डोळ्याला कळते. पण गोष्ट खोटी वाटत नाही. मुलाला मारायला त्याचाच भाऊ माणसे घेऊन येतो. आमच्याकडे १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य आलेच नाही. आमचे आले १७ सप्टेंबर १९४८ ला, आणि त्या वर्षाच्या आगेमागे मराठवाड्यातल्या गावांनी जे पाहिले ते आमचे वडीलधारे मोकळेपणी बोलत नसत. नातवाबरोबर तो भाग पाहताना त्याने मला विचारले, "आजोबा, आपल्याकडे असे झाले होते का?" नेकनूरचे जेवढे मला ठाऊक होते तेवढे मी त्याला सांगितले. शाळेत इतकी वर्षे शिकवूनही हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते; पुस्तकात तो धडाच नव्हता.

फाळणीच्या दिवसांत लखनौहून गेलेल्या मुलाने जिचा पहिला भाग केला, तिने फाळणीची गोष्ट पंचावन्न वर्षांनी सांगितली. ह्यात कुणाची योजना होती असे मी म्हणत नाही.

अलीकडे रिळे पाठवायची गरजच उरलेली नाही. २०२३ पासून ब्रिटन-आयर्लंडबाहेर ही मालिका डिस्नेच्या मार्फत तारांतून आणि लहरींतून येऊ लागली, दोन वर्षांनी तोही करार संपला. जॉसच्या केंद्रात रिळे राहिली, कारण ती तिथे खरोखर येऊन पडली होती. आता आमच्यापर्यंत चित्र येते आणि पाहून झाले की जाते; कपाटात विसरून राहील असे काही मागे उरत नाही. २०२३ साली बीबीसीने आपल्याकडे होते नव्हते ते आठशेवर जुने भाग आपल्या प्रेक्षकांना एकदम खुले केले, तेव्हा त्यात नेमकी पहिलीच कथा नव्हती. तिच्या लेखकाच्या वारसांशी हक्कांचा करार जुळला नव्हता. फीत सुखरूप, आणि तरी पाहायची सोय नाही!

वारिस हुसेन ह्यांनी केलेली दुसरी कथा मार्को पोलोची. १९६४ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सात भागांत ती लागली. पामीरच्या बर्फापासून गोबीच्या वाळवंटातून कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा हा प्रवास. त्यातला एकही भाग आज कुठेही सापडलेला नाही. सातांचा आवाज मात्र आहे, कारण त्या काळी काही मुलांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो धरून ठेवला होता. आणि चित्रे? जॉन क्यूरा नावाचा एक गृहस्थ दूरचित्रवाणीचा पडदा समोर ठेवून त्याची छायाचित्रे काढी आणि ती नटांना, दिग्दर्शकांना विकत असे. हुसेन ह्यांनी आपल्या भागांची अशी छायाचित्रे घेऊन ठेवली होती. पुढे कितीतरी वर्षांनी ती त्यांच्या घरच्या संग्रहात निघाली. आवाज लावायचा आणि एकेक चित्र पुढे सारायचे, अशा रीतीने मी आणि नातवाने ही कथा गेल्या उन्हाळ्यात पाहिली. नाही म्हटले तरी चित्रकथीच्या खेळासारखेच ते. सहा भाग असे पाहिले. चौथा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला होता, त्याची छायाचित्रे हुसेन ह्यांच्याकडे नव्हती. त्या भागाला आम्ही दिवा मालवून नुसते ऐकत बसलो.